मॅजिक इन द मूनलाइट (२०१४): जादूगाराला नक्की कोणी फसवलं?

घारापुरी

आधीच सांगतो, खाली सगळी कथा फोडली आहे. बघायचा असेल तर आधी बघून या. पावणेदोन तासांच्या आत आटपतो.

वुडी ॲलनचा हा सिनेमा आला तेव्हा बहुतेकांनी 'ठीक आहे' म्हणून बाजूला ठेवला. प्रेमकथा म्हणून तो लंगडा आहे, मान्य. पण फसवणुकीची गोष्ट म्हणून पक्का बांधलेला आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

१९२८ साल, बर्लिन. चिनी जादूगार वेई लिंग सू रंगमंचावरून हत्ती गायब करतो, बाईचे दोन तुकडे करतो, एका शवपेटीत शिरतो आणि दुसरीकडच्या खुर्चीत प्रकटतो. आत जाऊन मेकअप उतरवला की हा स्टॅनली क्रॉफर्ड (कॉलिन फर्थ), शिष्ट, तिरसट, सगळ्या जगाला मूर्ख समजणारा इंग्रज. फावल्या वेळात भोंदू मीडियम, म्हणजे मृतात्म्यांशी बोलतो असं सांगणारे लोक, पकडून देणं हा त्याचा छंद. जुना मित्र हॉवर्ड, तोही जादूगार, त्याला गळ घालतो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटलेज नावाचं श्रीमंत अमेरिकन कुटुंब सोफी बेकर (एमा स्टोन) नावाच्या मुलीच्या नादी लागलंय, मला काही तिची लबाडी सापडत नाही, तू चल. स्टॅनली जातो. पोरगी त्याच्याबद्दल, त्याच्या आँट व्हेनेसाबद्दल नको ते अचूक सांगते आणि आयुष्यभराचा नास्तिक स्टॅनली विरघळतो.

आता पहिला मृतात्म्यांचा प्रयोग परत लावून बघा. अंधारात टेबलावरची मेणबत्ती उचलली जाऊन हवेत तरंगते. सगळे थक्क. तेवढ्यात हॉवर्ड झेप घेतो, मेणबत्ती हातात पकडतो, वर-खाली चाचपतो आणि चेहरा पाडून सांगतो की दोरा नाही, तार नाही, काहीच नाही.

तपासलं कोणी? हॉवर्डनेच! स्टॅनली जागचा हलत नाही. प्रेक्षकांतून 'कोणीही या आणि पेटी तपासा' म्हणायचं आणि आपलाच माणूस वर घ्यायचा, हा धंद्यातला सगळ्यात जुना डाव. हा डाव रोज खेळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत तो खेळला जातो आणि त्याला दिसत नाही, कारण समोर दोस्त आहे. सोफी सांगते ते प्रत्येक गुपित हॉवर्डला ठाऊक असण्यासारखं असतं. ॲलनने पत्ते उताणे ठेवलेत आणि आपण एमा स्टोनचे डोळे बघत बसतो.

पुढे आँटला मोटारीचा अपघात होतो. स्टॅनली इस्पितळात प्रार्थनेला बसतो आणि मधेच थांबतो. स्वतःचीच लाज वाटल्यासारखा. फर्थचं त्या दोन मिनिटांतलं काम मला पूर्ण सिनेमात सरस वाटतं. तिथून तो भानावर येतो आणि सुरुवातीचीच जादू वापरून, म्हणजे खोलीतून गेल्याचं भासवून तिथेच राहून, हॉवर्ड आणि सोफी या दोघांचं बोलणं ऐकतो. हॉवर्डला आयुष्यभर दुय्यम राहिल्याचा सल होता, बस.

तुम्हाला काय वाटतं? मेणबत्तीपाशीच कोणाला संशय आला होता का?

फिरकी

मला मेणबत्तीपाशी भूक लागली होती, त्यामुळे लक्ष नव्हतं. :)

पण धागा काढणाऱ्याने प्रेमकथेला 'लंगडी' म्हणून जे सोडून दिलंय तो खरा मुद्दा आहे. कॉलिन फर्थ १९६०चा, एमा स्टोन १९८८ची. अठ्ठावीस वर्षं! ते चालवून घेतलं असतं, पण सिनेमाला त्याचं भानच नाही. तो तिला लग्नाची मागणी घालतो ती तरी बघा. 'तू काही माझ्या तोलाची नाहीस, पण मी मन मोठं करतो' अशा सुरात. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही मुलीने चहाचा कप डोक्यावर ओतला असता. नकार देते तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मग शेवटी हो म्हणते तेव्हा रिमोट शोधला.

तो ब्राइस कॅटलेज बिचारा बरा होता. युकुलेले वाजवून गळा काढतो, श्रीमंत आहे, तिच्यावर जीव टाकतो. डोकं नाही, पण संसाराला डोकं लागतं कुठे.

खडीसाखर

फिरकी, =))

मला या धाग्यात वेगळी भर घालायची आहे. वेई लिंग सू हवेतून आलेला नाही. चुंग लिंग सू नावाचा जादूगार खरोखर होऊन गेला आणि तोही चिनी नव्हता. विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन, जन्म १८६१, अस्सल अमेरिकन. त्या काळी चिंग लिंग फू नावाचा खराखुरा चिनी जादूगार अमेरिकेत गाजत होता. रिकाम्या कापडातून पाण्याने भरलेलं प्रचंड घंगाळ काढायचा. त्याने जाहीर केलं की ही जादू कोणी करून दाखवली तर १००० डॉलर देईन. रॉबिन्सन आव्हान घ्यायला गेला, पण फूने त्याला दारातच उभं केलं नाही. मग या पठ्ठ्याने १९०० साली पॅरिसमध्ये डोकं भादरून, वेणी लावून, स्वतःच 'चिनी' होऊन फूचाच खेळ सुरू केला. पत्रकारांशी बोलायलासुद्धा दुभाषा ठेवायचा! १९०५ साली लंडनमध्ये दोघांचा जाहीर सामना ठरला, पण फू आलाच नाही आणि लोकांनी नकली चिन्याला डोक्यावर घेतलं.

शेवट वाईट झाला. २३ मार्च १९१८, लंडनचं वुड ग्रीन एम्पायर. बंदुकीच्या गोळ्या चिनी मातीच्या ताटलीत झेलण्याचा खेळ. बंदुकीत बार उडायचा तो वेगळ्या नळीतून आणि गोळी खऱ्या नळीत तशीच राहायची, अशी रचना होती. वर्षानुवर्षं वापरून ती बिघडली, आग खऱ्या नळीतल्या दारूपर्यंत पोचली आणि खरी गोळी सुटली. छातीत घुसली. रंगमंचावर कधीही इंग्रजी न बोललेला माणूस त्या क्षणी इंग्रजीत ओरडला की काहीतरी घडलंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी गेला.

आणि या धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढेच आहे. चुंग लिंग सू होण्याआधी, १८९८ साली, याच रॉबिन्सनने मीडियम लोक पाटीवर 'आत्म्याची अक्षरं' कशी उमटवतात यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे नकली चिनी जादूगार आणि भोंदूंचा कर्दनकाळ, या दोन्ही गोष्टी एकाच खऱ्या माणसाच्या आहेत.

फर्थला पिवळा रंग फासून चिनी केल्याबद्दल तेव्हा टीका झाली होती. ती रास्तच आहे, पण निदान त्या काळात हे असंच चालायचं, एवढं म्हणता येतं.

बोरकूट

वा, खडीसाखर! 'द प्रेस्टीज' सिनेमामध्ये जो म्हातारा चिनी जादूगार वाकून वाकून चालतो, कारण पायात घंगाळ अडकवलेलं असतं, त्याचं नावही चुंग लिंग सूच आहे ना?

खडीसाखर

हो, नाव तेच. पण घंगाळाचा खरा उस्ताद फू. तिथेही श्रेय नकली माणसालाच मिळालं. :(

सौ_दुपारझोप

तुम्ही सगळे जादूत अडकलात. मला त्या कॅटलेजबाई विसरता येत नाहीत. नवरा गेलाय, पैसा अमाप आहे, आणि त्या प्रयोगात ती त्याच्या आत्म्याला विचारते काय, तर तू माझ्याशी एकनिष्ठ होतास ना? टकटक. हो. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उतरतं ते खोट्या टकटकीचं असलं म्हणून खोटं झालं का? माझ्या आजेसासूबाई गुरुवारी एका बाईंकडे जायच्या. त्या बाईंच्या अंगात यायचं. दहा रुपये, नारळ, आणि 'ते तुमच्यावर रागावलेले नाहीत' एवढंच ऐकून यायच्या. आठवडाभर घरात शांतता असायची. त्यांना कोणी सत्य सांगितलं असतं तर काय मिळवलं असतं?

स्टॅनलीपेक्षा सोफीच बरी. ती निदान कोणालातरी हसवते.

कंदीपेढा

सौ. ताई, दहा रुपये आणि नारळ यावर थांबत असेल तर माझंही काही म्हणणं नाही. पण सिनेमातच बघा ना. सोफीची आई कॅटलेजबाईंकडून काय काढायच्या तयारीत असते? संस्था काढायची, तिला पैसे त्यांनी द्यायचे. एकनिष्ठेची टकटक ही त्याची पायरी आहे. ॲलन ते विनोदात काढतो आणि पुढे जातो. माझी या सिनेमाबद्दलची खरी तक्रार हीच आहे. लबाडी पकडली गेल्यावर दुखावलं कोण? स्टॅनलीचा अहंकार! विधवाबाईंचं पुढे काय झालं ते कोणी विचारतसुद्धा नाही.

हे मला जास्त टोचलं कारण सिनेमा २०१४च्या जुलैमध्ये आला आणि त्याआधी वर्षभरही झालं नव्हतं, २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या होत्या. बुवाबाजी उघडी पाडणं हा तिरसट इंग्रजाचा छंद असतो तेव्हा तो गोड वाटतो. इथे लोक जीव मुठीत धरून करतात. त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही किती वर्षांच्या रेट्यानंतर.

आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जे करतात ती जादूगारीच असते. जिभेवर पेटता कापूर ठेवणं, नारळ पाण्याने पेटवून 'करणी' काढणं. नारळाच्या शेंड्यांत सोडियमचा खडा आधीच खोचलेला असतो. पाणी शिंपडलं की भपकन पेटतो. आधी करून दाखवायचं, पोरांचे डोळे विस्फारले की मग उलगडून सांगायचं. स्टॅनलीने हे केलं असतं तर मला आवडला असता. तो फक्त तुच्छतेने बघतो.

सौ_दुपारझोप

कंदीपेढा, संस्थेचा मुद्दा मान्य. आईबाई पक्की व्यापारी आहे. पण आजेसासूबाईंचा माझा प्रश्न तसाच उभा आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. उशिरा आलो, पण विषय घरचा आहे. सौ. ताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर आमच्याच अटलांटिक सिटीत सापडतं.

१९२२चा उन्हाळा. प्रसिद्ध जादूगार हुडिनी आणि शेरलॉक होम्सचे निर्माते सर आर्थर कॉनन डॉइल तेव्हा दोस्त होते. डॉइल पक्के प्रेतात्मवादी. मुलगा किंग्जली १९१८ला गेला होता. पहिलं महायुद्ध आणि पाठोपाठ फ्लू, घराघरात तरुण पोरं गेली, म्हणून या सगळ्याला एवढा ऊत आला. सिनेमातल्या १९२८ला ही सगळी पार्श्वभूमी आहे, पण ॲलन तिचा उल्लेखही फारसा करत नाही. तर लेडी डॉइल यांनी हुडिनीला खोलीत बसवलं आणि त्याच्या मृत आईकडून आलेला निरोप झरझर कागदांवर लिहून काढला. पंधरा पानं. वर क्रॉसची खूण, मजकूर इंग्रजीत. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, इंग्रजी जेमतेम. आईवर जीव असलेला माणूस तो, त्याला विश्वास ठेवायचाच होता. त्याला त्या पानांनी समाधान नाही मिळालं, जखम झाली. दोस्ती तिथून संपत गेली.

म्हणजे खोट्या टकटकीने कधी समाधान मिळतं आणि कधी नाही, हे टकटक करणाऱ्याला आधी कळत नाही. लेडी डॉइल बहुधा प्रामाणिकही होत्या!

आणि 'आतला माणूस' हा घारापुरींचा मुद्दा. बॉस्टनची मार्जरी (खरं नाव मीना क्रँडन) हिचं प्रकरण वाचा. सायंटिफिक अमेरिकन मासिकाने अस्सल मीडियमला बक्षीस जाहीर केलं होतं, समिती नेमली होती, हुडिनी तिचा सदस्य. १९२४च्या जुलैत तो बॉस्टनला गेला. अंधारात टेबलाखाली ठेवलेली घंटेची पेटी वाजायची, मार्जरीचे हातपाय तर शेजारच्यांनी धरलेले. हुडिनीने काय केलं असेल? दिवसभर गुडघ्याखाली घट्ट रबरी पट्टी बांधून ठेवली. पाय सुजून इतका हळवा झाला की बोट लागलं तरी कळावं. अंधार झाल्यावर विजार वर सरकवली आणि आपला पाय तिच्या पायाला लावून बसला. तिचा घोटा इंच इंच सरकत पेटीकडे जाताना त्याला कातडीवर जाणवला. आणि त्याने आरोप केला कोणावर? मासिकाचाच माणूस असलेल्या, चौकशीचं काम बघणाऱ्या माल्कम बर्डवर, की हा तिला सामील आहे. सिनेमातला हॉवर्ड मला बर्डचाच चुलतभाऊ वाटतो.

हत्तीचं म्हणाल तर तोही हुडिनीचाच. न्यूयॉर्कचं हिपोड्रोम, जानेवारी १९१८, हत्तिणीचं नाव जेनी.

फिरकी

पायाला पट्टी बांधून दिवसभर सुजवणारा माणूस! यावर सिनेमा काढा. फर्थला नका घेऊ.

एडिसनकर

त्याहून भारी सिनेमा रोझ मॅकेनबर्गवर होईल. हुडिनीची गुप्तहेर. तो गावात खेळ घेऊन जायच्या आधी ही जाऊन पोचायची. कधी विधवा, कधी पोर गमावलेली आई, कधी खेडवळ शिक्षिका बनून मीडियम लोकांकडे जायची. नवरा कधी केलाच नव्हता, पण मेलेल्या नवऱ्याचे निरोप मात्र ढिगाने मिळाले! 'फ्रान्सिस रॉड' असं नाव सांगायची. आद्याक्षर घेऊन वाचा, एफ. रॉड. :)

हुडिनी १९२६ला वारला, तरी ती पुढे कित्येक वर्षं हेच काम करत राहिली. ॲलनने सोफीच्या जागी अशी बाई ठेवली असती तर फिरकींची प्रेमकथेची तक्रारही मिटली असती.

बोरकूट

कॅटलेजबाईंवरून आठवलं. १९२०च्या दशकात हे वेड काही फक्त फ्रान्स-अमेरिकेत नव्हतं. मुंबईत वि. द. ऋषींची इंडियन स्पिरिच्युअलिस्ट सोसायटी होती, आणि १९२९ला खुद्द रवींद्रनाथ टागोर शांतिनिकेतनात प्लँचेट करत बसले होते. आपल्याकडे पुढे पाटावर अक्षरं लिहून वाटी फिरवायची फॅशन सत्तरच्या दशकापर्यंत तरी टिकली. मामाच्या वाड्यात मे महिन्यात हाच उद्योग. वाटी नेहमी ज्याला परीक्षेची काळजी त्याच्याच बाजूने सरकायची.

सिनेमात सोफी 'मला काहीतरी दिसतंय... पाणी... पूर्व दिशा...' असं डोळे अर्धवट मिटून हात हवेत फिरवत बोलते ते आपल्या नंदीबैलवाल्याचंच तंत्र. 'बाई, घरात एकाची काळजी आहे.' कोणत्या घरात नसते? तुमचा चेहरा हलला की पुढचं वाक्य. नंदी मान डोलावतोच.

बंद पाकिटातली चिठ्ठी वाचायचा प्रकार माहीत आहे का? तो मला सगळ्यात आवडतो. लोकांनी प्रश्न लिहून पाकिटं बंद करून दिलेली. मीडियम पहिलं पाकीट कपाळाला लावतो आणि एक प्रश्न 'वाचतो'. गर्दीतला एक जण ओरडतो, हो हो, माझाच! तो सामील असतो, प्रश्न बनावट. आता खात्री करायची म्हणून मीडियम पाकीट फोडतो, मान डोलावतो. प्रत्यक्षात तो आत्ता दुसऱ्याच कोणाचा खरा प्रश्न वाचून घेतोय. मग दुसरं पाकीट कपाळाला लावून तो प्रश्न सांगतो. ते फोडून तिसऱ्याचा वाचतो. शेवटपर्यंत एक घर पुढे. साधनं शून्य, फक्त एक सामील माणूस. पुन्हा घारापुरींचा हॉवर्डच आला बघा.

खडीसाखर

फिरकींसाठी खास: जादूगार नाही, पण शास्त्रज्ञ आणि मीडियम अशी जोडी खरी आहे. विल्यम क्रुक्स, थॅलियम मूलद्रव्य शोधणारा, रॉयल सोसायटीचा मोठा माणूस. १८७४ला त्याने फ्लॉरेन्स कुक नावाच्या अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलीचे प्रयोग 'तपासले'. ती पडद्याआड जायची आणि पांढऱ्या वस्त्रात केटी किंग नावाचा आत्मा बाहेर यायचा. क्रुक्सने आत्म्याच्या हातात हात घालून फोटो काढून घेतले आणि सगळं अस्सल असल्याचं जाहीर केलं. आत्मा आणि फ्लॉरेन्स अगदी सारख्या दिसायच्या हे त्याच्या नजरेतून सुटलं म्हणे. दोघांचं काही होतं का, यावर लोक आजतागायत भांडतात. तो विवाहित होता.

फिरकी

थॅलियम सापडलं, केटी नाही सापडली. वा रे शास्त्रज्ञ!

कंदीपेढा

खडीसाखर, यातून माझा मुद्दा पक्का होतो. अशा कामाला शास्त्रज्ञ कुचकामी ठरतात, कारण निसर्ग त्यांच्याशी लबाडी करत नाही. लबाडी ओळखायला लबाडी शिकलेला माणूस लागतो. पण ॲलन म्हणतो की तोही पुरेसा नाही.

घारापुरी

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, एडिसनकर आणि खडीसाखर यांना जास्तीचे.

कंदीपेढा, दाभोलकरांचा संदर्भ योग्य आहे आणि विधवाबाईंना सिनेमा वाऱ्यावर सोडतो हेही खरं. एका बाबतीत मात्र मी ॲलनची बाजू घेईन. स्टॅनलीला सोफीबद्दल प्रेम वाटायला लागतं ते तो फसलेला असताना नाही, लबाडी उघड झाल्यावर. फसलेला असताना तो तिचा भक्त होतो. समारंभाच्या रात्री ती सरळ विचारते की तुला मी बाई म्हणून आवडते का, तर तो गडबडतो, कृतज्ञतेचं भाषण ठोकतो. ती चिडून जाते. देवीशी लग्न कोण करणार? ती खोटारडी ठरल्यावरच ती त्याच्या धंद्यातली, त्याच्या जातीची बाई ठरते. एक भोंदू चिनी, एक भोंदू मीडियम. ही जोडी मला पटते. वयाचं फिरकींचं म्हणणं पटत असूनही पटते.

आणि आँट व्हेनेसा! तिच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही? आयलीन अ‍ॅटकिन्स पत्ते मांडत बसलेली असते आणि स्टॅनली तिच्यासमोर 'मी तिच्यावर प्रेम करणं कसं तर्काला धरून नाही' हे सिद्ध करत असतो. ती प्रत्येक वाक्याला 'अगदी बरोबर, तू कशाला तिच्या मागे लागशील' म्हणत राहते. वाद न घालता, फक्त होकार देऊन त्याला कोपऱ्यात ढकलते. सिनेमातली सगळ्यात मोठी मनकवडी तीच.

सौ_दुपारझोप

घारापुरी, आँटचा सीन म्हणजे माझ्या आईचं तंत्र. 'नको करूस हो लग्न, काही अडलंय का' असं म्हणून तिने तीन भाच्यांची लग्नं लावली.

बोरकूट

पावसात अडकून ते ज्या वेधशाळेत शिरतात ती नीसची आहे. घुमट गुस्ताव्ह आयफेलचा, इमारत पॅरिस ऑपेरा बांधणाऱ्या गार्निएची. घुमटाचा तो झरोका उघडतात आणि आकाश दिसतं तेव्हा दारियुस खोंजीच्या कॅमेऱ्याला मी सगळे गुन्हे माफ केले. फिल्मवर चित्रित केलाय, त्यामुळे ऊन कसं पिकलेलं दिसतं. मोबाइलवर बघू नका.

एडिसनकर

अवांतर, पण खाज शमेना. श्रेयनामावलीला कोल पोर्टरचं 'यू डू समथिंग टू मी' वाजतं. गाणं १९२९चं, कथा १९२८ची.

फिरकी

हत्ती गायब झालेला चालतो, गाणं वर्षभर आधी वाजलेलं चालत नाही. एडिसनकर, रोझ मॅकेनबर्गवर स्वतंत्र धागा काढा. मी पहिला प्रतिसाद द्यायला बसलेय.

एडिसनकर

शनिवार-रविवार जमवतो. तोवर कोणाकडे 'नाइटमेअर ॲली'च्या १९४७ आणि २०२१ अशा दोन्ही आवृत्त्या बघून झाल्या असतील तर सांगा. त्यातला मीडियम इतका गोड नाही, आणि कंदीपेढांना हव्या असलेल्या विधवेचा हिशोब तिथे चुकता केलाय.